बाहेरची खोली

१

भिंत खरवडायची असेल तर आधी तिच्यावर पाणी मारावं लागतं, हे मला या घरानं शिकवलं. कोरडी खरवडली की सगळा चुना नाकातोंडात जातो आणि मग दिवसभर खोकत बसावं लागतं. आणखीही बरंच शिकवलं. जुनं दार फेकायचं नसतं, त्याचं फडताळ होतं. खिडकीचे गज सरळ करता येतात. घासायचा कंटाळा आला तरी घासणारं दुसरं कुणी येत नाही.

बाबा गेल्यावर हे घर आणि मागची जमीन आम्हा भावंडांकडे आली. आमचं लहानपण इथेच गेलं, पण नंतर घर बरीच वर्षं बंद होतं. जमिनीत कमरेएवढं गवत माजलं होतं. आम्ही भाड्याच्या जागेत राहत होतो, ती मालकाला मुलासाठी हवी झाली, आणि आम्ही बिऱ्हाड उचलून इथे आलो. दुसरी जागा बघायची म्हणून खिशात हात घातला तर खिशात हाताशिवाय काही नव्हतं. त्यामुळे जे काय करायचं ते आपल्या हातांनी, आहे त्यातच.

भावाला मी बारक्या म्हणते. दारातून शिरताना त्याला मान वाकवावी लागते, पण मी त्याला कडेवर घेऊन वाढवलाय, तेव्हा तो कितीही लांब झाला तरी बारक्याच. तो फ्रिज दुरुस्त करतो. मी एका दुकानात कपडे लहानमोठे करून देते. लग्न दोघांचंही राहून गेलं. जगात मला तो आहे आणि त्याला मी, बाकी सगळी ओळखीची माणसं. मी ओरडते, तो ऐकतो, असं आमचं बरं चाललेलं असतं.

आमच्या घरात बोलण्याची एक खोड होती. कुणाच्याही घरी बाहेरची खोली म्हणजे पुढची. पाहुणे तिथे बसतात, टीव्ही तिथे असतो. आमच्याकडे पुढच्या खोलीला पुढचीच खोली म्हणत, आणि बाहेरची खोली होती घराच्या पार मधोमध. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघराकडे बोळ जातो, त्या बोळात तिचं दार. बाकी तिन्ही बाजूंना आमच्याच खोल्यांच्या भिंती, त्यामुळे खिडकी नाही. दाराला कडी होती ती बोळाच्या बाजूनं. त्या खोलीत जाताना चपला घालायच्या आणि परत आल्यावर पाय पुसायचे, असा बाबांचा नियम होता. संध्याकाळी ते ती कडी हलवून बघायचे आणि मगच जेवायला बसायचे. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. प्रत्येक घराचं काहीतरी असतंच.

बारक्या जेमतेम पाऊल टाकायला लागला होता तेव्हा आई गेली. मी शाळेतून आले तर चूल थंड, आणि बाबा बोळात बसलेले. आई कुठंय विचारलं तर म्हणाले, "बाहेर गेलीय." शेजारपाजारच्यांनी त्यातून जो अर्थ काढायचा तो काढला, आणि मोठी झाल्यावर मीही तोच काढला. माझा आईवर राग आहे आणि तो मी कधी लपवला नाही. बारक्याला ती आठवतसुद्धा नाही. त्यामुळे त्याला रागावता येत नाही, तो नुसता वाट बघतो.

२

दारांसाठी मात्र सुतार बोलवावा लागला. सगळी दारं फुगली होती आणि कड्या गंजून गेल्या होत्या. सुतार बोलघेवडा होता आणि मला मॅडम म्हणायचा. जन्मात मला मॅडम म्हणणारा तो पहिलाच, म्हणून मी त्याच्या दोनचार चुका पोटात घातल्या.

त्या दिवशी त्याचा दुकानात फोन आला तेव्हा माझ्या तोंडात टाचण्या होत्या आणि समोर एक बाई अर्धवट शिवलेल्या झग्यात उभी होती.

"मॅडम, दारं सगळी काढू का?"

मी टाचण्या हातावर काढल्या. "बाहेरच्या खोलीचं सोडून. त्याला हातही लावू नका, कडी आहे तिथंच राहू द्या. बाकीची तासा, आणि कड्या आतून करा."

"बाहेरचीचं सोडून सगळी. झालं समजा."

संध्याकाळी घरी आले तर पुढचं दार तसंच फरशीला घासत होतं. कडी तीच, अर्धी तुटकी. आणि बोळातलं दार तासून, घासून, तेल लावून पुन्हा बसवलेलं. बोळाच्या बाजूला कडीच नव्हती, नवी कडी आतून लावली होती. जुनी भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवली होती.

"हे कुणी सांगितलं होतं?"

"तुम्हीच की. बाहेरच्या खोलीचं सोडून." त्यानं पुढच्या दाराकडे बोट केलं.

"बाहेरची खोली ही आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, ही तर पार आतली. हिला बाहेरची कोण म्हणतं?"

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी चिडले की आवाज चढतो, तसा चढला. कडी आत्ताच्या आत्ता परत फिरव म्हणाले. तो म्हणाला, फळी जुनी आहे, लगेच दुसरी भोकं पाडली तर चिरेल, खुंट्यांचा सरस वाळू द्या. आणि उद्यापासून तो दुसऱ्या कामावर चालला होता.

"आणि मी म्हणतो, कडी बोळाकडून हवी कशाला?" हत्यारं पिशवीत भरता भरता तो म्हणाला. "खोलीला कडी आतूनच असते. बाहेरून लावून आत कुणाला कोंडायचंय?"

बारक्या हसला. मी हसले नाही.

३

रिकाम्या घरात आवाज घुमतो. सामान एका कोपऱ्यात, भिंती उघड्या, पडदे नाहीत, अशा वेळी शिंक आली तरी चारी खोल्यांत ऐकू जाते. आम्ही दोघं त्या दिवसांत एकमेकांवर खेकसत होतो त्याचं अर्धं कारण हेच असावं, साधं बोललं तरी ओरडल्यासारखं वाटायचं.

बाहेरच्या खोलीत आवाज घुमत नव्हता.

हे माझ्या लक्षात आलं ते बारक्या तिथं झाडत असताना. मी दारातून म्हटलं, "चुना पडलाय तो वेगळा ठेव," आणि माझा आवाज तोंडातून निघाला तो गेलाच. समोर भिंत होती, चार पावलांवर. पण आवाज तिथे लागून परत आला नाही. मोकळ्या रानात बोलावं तसं झालं. मी पुन्हा एकदा बोलून बघायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्या खोलीत हाक मारल्यासारखं काही करू नये असं मला फार आतून वाटलं.

मग मी स्वतःला समजावलं. चुना भुसभुशीत झालाय, तो आवाज पितो. वर माळा पोकळ आहे. शिवणाऱ्या बाईला यातलं काय कळतं.

बारक्याला खोली आवडली. घरातली तेवढीच जागा गार होती. दुपारचं जेवण झालं की तो चटई घेऊन तिथं जाऊन पडायला लागला, दार ओढून घेऊन. जाताना चपला घालून जायचा, सवयीनं. मी म्हटलं, "पडायला माझी खोली आहे की." तर म्हणाला, "तिकडे वारा येतो."

"खिडकी नाही तिथं."

"हो की," तो म्हणाला, आणि तरीही गेला.

एका दुपारी तो झोपून उठून आला आणि माझ्यासमोर चहा प्यायला बसला. त्याच्या विजारीला गुडघ्यापर्यंत कुसळं चिकटली होती. जमिनीतलं गवत आम्हीच कापत होतो, त्यामुळे कुसळं काही नवीन नव्हती. पण ती विजार मी सकाळी धुतली होती. दोरीवरून काढून, घडी करून जेवणाआधी मीच त्याच्या हातात दिली होती. जेवणानंतर तो घराबाहेर पडलेला नव्हता, कारण पुढचं दार उघडताना फरशीवर जे किंचाळतं ते सगळ्या आळीला ऐकू जातं, आणि मागच्या दारात तर मीच बसले होते.

मी एक कुसळ उपटून बघितलं. आमच्या गवताची कुसळं पिवळी असतात. हे काळं होतं.

"कुठं गेला होतास?"

"झोपलो होतो गं." त्यानं चहा फुंकला. थोड्या वेळानं विचारलं, "ताई, आईच्या चपला कशा होत्या?"

आईबद्दल आम्ही बोलत नाही. पण त्यानं इतक्या साधेपणानं विचारलं की मी सांगून बसले. तपकिरी होत्या. डाव्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो तिनं निळ्या दोऱ्यानं शिवला होता. तपकिरी दोरा घरात असताना निळ्यानं का शिवला म्हणून बाबा तिला चिडवायचे. हे मला आठवतं कारण टाका कसा घालायचा ते मी तेव्हाच तिच्याकडून शिकले.

तो नुसतं "हं" म्हणाला.

४

माझा बाहेरच्या बाधेवर वगैरे विश्वास नाही. लोक कुठल्याही आजाराला बाहेरचं झालंय म्हणतात आणि डॉक्टरचा खर्च वाचवतात. म्हणून दुसऱ्या दिवशी दुकानातून येऊन मी बोळातून जाताना जे बघितलं, त्याचा मी आधी सरळ अर्थच लावला.

बाहेरच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. उंबऱ्याच्या पलीकडे, खोलीच्या बाजूला, दोन तपकिरी चपला काढून ठेवल्या होत्या. नीट, जोडीनं, टाचा खोलीकडे आणि बोटं आमच्या बोळाकडे. डाव्या चपलेच्या अंगठ्यावर निळा दोरा होता. तळव्यांना ओला चिखल होता. कितीतरी दिवसांत पाऊस नव्हता.

माळ्यावर सापडल्या असतील, मी म्हटलं. बारक्यानं काढून धुतल्या असतील. मी त्याला हाक मारली. तो स्वयंपाकघरात बसून घराकडे बघत होता, पहिल्यांदा बघितल्यासारखा.

"त्या चपला तू काढल्यास?"

"मी कशाला काढू?" तो म्हणाला. "ज्याच्या त्यानं काढल्या असतील. दारात चपला काढूनच माणूस घरात येतो ना, ताई."

मला इतका संताप आला की हाताला लागेल ते फेकावंसं वाटलं. आई असती तर मी तिला काय काय विचारलं असतं, ते सगळं मनात वर आलं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की मी ज्या चपलांबद्दल काल याला सांगितलं, त्याच आज आल्या. सांगितल्या तशाच. मला आठवत होतं तेवढंच त्यांच्यात होतं. वाकून बघितलं तर दोऱ्याचे टाके आईचे नव्हतेच. आई टाका उजवीकडून घालायची. हे टाके डावीकडून घातलेले होते, माझ्यासारखे, कारण मी डावखुरी आहे.

मी काठीनं त्या चपला खोलीत ढकलल्या आणि दार ओढलं. कडी लावायला हात गेला आणि गुळगुळीत फळीवरून घसरला.

५

मग आम्ही भांडलो. मी म्हटलं त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. तो म्हणाला ती जर आली असेल तर. मी म्हटलं ती यायची असती तर इतकी वर्षं काय करत होती. तो म्हणाला, "कडी बोळाकडून होती गं."

बाबा रोज संध्याकाळी कडी हलवून बघायचे ते डोळ्यासमोर आलं. मला ते नको होतं.

शेवटी त्यानं माझं ऐकलं, नेहमी ऐकतो तसं. मी दाराला सामानाची लोखंडी पेटी लावली आणि आम्ही कामाला लागलो, कारण काम तर संपवायलाच हवं होतं. बोळातली फरशी उखडली होती तिथं आम्हीच सिमेंट घातलं. चांगलं नाही झालं, पण सपाट झालं. ओल्यावर पाय पडू नये म्हणून पुढच्या दारानं बाहेर पडलो आणि घराला वळसा घालून मागे जमिनीत गवत कापायला गेलो. ऊन टळटळीत होतं. बारक्या माझ्या पुढेच होता, सबंध वेळ मला दिसत होता.

तहान लागली म्हणून मी एकटी घरात आले, मागच्या दारानं. स्वयंपाकघरातून बोळात डोकावले.

पेटी बाजूला सरकली होती. ओल्या सिमेंटवर अनवाणी पावलं उमटली होती. बाहेरच्या खोलीच्या दारातून निघून स्वयंपाकघराकडे, माझ्याकडे आलेली. परत गेलेली एकही नव्हती.

कुत्रं असेल. पोरं शिरली असतील. मी ही वाक्यं मोठ्यानं म्हटली. दाराजवळचं पहिलं पाऊल तान्ह्या मुलाचं असावं एवढं होतं. त्याच्या पुढचं थोडं मोठं. त्याच्या पुढचं फार मोठं, पुरुषाच्या पावलापेक्षाही लांब, मग पुन्हा थोडं कमी. मी कपड्यांची मापं काढण्यात आयुष्य घालवलंय. अंदाजानं कापड कापताना आधी चुकतं, मग वाढवून-उतरवून ते मापाला येतं, हे मला बघितल्याबरोबर ओळखता येतं. ही पावलं तशी मापाला येत होती.

शेवटचं पाऊल स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लागून होतं. त्याची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती. माझी लहानपणी मोडली तेव्हापासून माझी तशी चढते. मी उंबऱ्यावर बसून माझा पाय त्यात ठेवून बघितला. बसला.

आणि ओला माग तिथून पुढे स्वयंपाकघरात आला होता आणि मधेच वाळून गेला होता.

६

मी थापी घेतली आणि सगळी पावलं मिटवून टाकली. बारक्यानं ती बघून पुन्हा आईची आस लावून घेतली असती. हे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, पण ते आई नव्हतं. आईचं माप त्याला कुणी दिलं नव्हतं. त्याला माप मिळालं होतं ते माझं.

एकच करण्यासारखं होतं. मी मागच्या दारात जाऊन बारक्याला ओरडून सांगितलं, "मी हाक मारेपर्यंत घरात यायचं नाही. काहीही झालं तरी. कळलं?"

"का गं?"

"मी सांगते म्हणून."

"बरं, ताई." तो गवतात पुन्हा वाकला.

कडी लावायला मला पाचदहा मिनिटं पुरली असती. फळी चिरली तर चिरली. जुनी कडी, स्क्रू आणि पेचकस पुढच्या खोलीत डब्यात ठेवले होते. बोळाच्या कडेनं फळ्या टाकल्या, त्यांवरून मी तोल सांभाळत गेले. त्या दाराकडे बघितलं नाही. डबा सापडला, पण पेचकस त्यात नव्हता. मी सामानाच्या ढिगात हात घालून चाचपत होते तेव्हा मागच्या अंगणातून माझा आवाज आला.

"बारक्या, ये रे."

माझाच. थोडा चिडलेला, कामात असल्यावर असतो तसा. एका क्षणात दोन गोष्टी झाल्या. आधी मला वाटलं की हो, मी हाक मारलीच. आणि मग कळलं की माझं तोंड मिटलेलं आहे.

"आलो गं," तो लांबून म्हणाला. त्याच्या चपला मागच्या पायरीवर वाजल्या.

मी ओरडले. त्या रिकाम्या घरात शिंकसुद्धा घुमते, पण माझी किंकाळी घुमली नाही. तोंडातून निघाली ती गेलीच. मी ओल्या सिमेंटचा विचार न करता तशीच धावले. बोळाच्या तोंडाशी आले तेव्हा बारक्या बाहेरच्या खोलीच्या दारात मान वाकवून शिरत होता. त्याची पाठ दिसली, घामानं भिजलेला सदरा दिसला. आणि त्याच्या दंडाला धरून त्याला हळूच पुढे नेणारा हात दिसला. माझ्या अंगातल्या झग्याचीच बाही होती. कात्री धरून धरून बोटाला पडलेला घट्टाही होता. फक्त अंगठा चुकीच्या बाजूला होता.

दार मिटलं. आतून कडी सरकली.

मी दारावर दोन्ही हात आपटले. "बारक्या, दार उघड. बारक्या, मी इकडे आहे रे."

पलीकडे गवतातून वारा जात होता. मग त्याचा आवाज आला, शेताच्या दुसऱ्या टोकावरून यावा तसा.

"ताई, दारात कोण आहे गं?"

तो परत फिरला. पावलं जवळ येताना मी ऐकली. कडीला हात लागला, ती थोडी सरकलीही. मी दाराला कपाळ टेकून त्याचं नाव घेत होते, जन्मल्यावर ठेवलं होतं ते खरं नाव, जे वर्षानुवर्षं कुणी घेतलं नव्हतं.

"कुणी नाही रे," माझा आवाज त्याला म्हणाला. तो बारक्याशी बोलताना होतो तसा मऊ झाला होता. "बाहेरचं असेल काहीतरी. तू कडी काढू नकोस."

"बरं, ताई," तो म्हणाला, आणि कडी पुन्हा जागेवर बसली. लहानपणापासून त्यानं माझा शब्द कधी मोडला नव्हता.